काका म्हणणारी

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या आमच्या ऑफिसात झाडून सगळे मला नावाने हाक मारतात. काका म्हणायची ती एकटीच. पंचविशीची, इथेच जन्मलेली, ज्यू. आजी अलिबागकडची, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातली. हिचं मराठी आजीकडूनच आलेलं. इंग्रजी वाक्य संपलं की ही हळूच 'बरं का' जोडायची. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटून 'निघते हां काका, शब्बाथ' म्हणायची आणि विश्रांतीचा तो पवित्र दिवस सुरू होतो म्हणून सूर्य मावळायच्या आत घर गाठायची.

उन्हाळ्यात ती इस्राएलला जाऊन आली. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"तिथल्या एकाला माझ्याकडे बघून मी ज्यू वाटेचना, काका. प्रेयर म्हणून दाखव म्हणाला. दाखवली. पण मग तिथे थांबावंसंच वाटेना."

मी हळहळलो. आणि पुढच्याच रविवारी तिला महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला नेलं. तिने मलिदा आणला होता, त्यांच्याकडे नवस फेडताना करतात तो. मी चारचौघांना गोळा केलं. "ही ज्यू आहे, पण मराठी ऐका कसलं बोलते! बोल गं, बोलून दाखव."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग पोहे भिजवण्यापासून नारळ खवण्यापर्यंत मलिद्याची सगळी कृती तिने आजीच्या मराठीत सांगितली. टाळ्या पडल्या. माझी मुलगीही वाजवत होती. तिला मराठीचं एक वाक्य धड येत नाही. तिला कोणी कधी बोलून दाखव म्हटलेलं नाही. तेव्हा कुठे माझी मान खाली गेली.

सोमवारी लिफ्टमध्ये ती हसून गुड मॉर्निंग म्हणाली, आणि पुढे माझं नाव घेतलं.