फादरला कुणी ‘या’ म्हणालं नाही

फादर अंतोन पाटोळे कोण होते ते आधी सांगते, कारण आज सोलापुरात त्यांचं नाव कुणालाही आठवत नाही आणि मला त्याचाच राग येतो.

माणूस नगरकडचा, दोर वळणाऱ्यांच्या घरातला. मिशनच्या शाळेत गेला, हुशार निघाला, लॅटिन शिकला आणि फादर झाला. त्या काळात फादर म्हटलं की गोराच असायचा. लांब दाढी, निळे डोळे आणि तोडकंमोडकं मराठी. आपल्यासारखा काळासावळा फादर आमच्या गिरणीच्या चाळीतल्या लोकांनी कधी बघितलाच नव्हता. हे आले तेव्हा एक बाई त्यांना स्वयंपाकी समजून विचारत होती, ‘फादर कवा येणार?’ आणि हे म्हणाले, ‘आला की. हात धुतोय.’

चॅपल म्हणजे चाळीमागं पत्र्याची एक शेड. घंटा होती, पण तिला दोर नव्हता. मग फादरनी काय केलं, तर अंबाडीचे धागे आणले, झग्याच्या बाह्या वर सारल्या, दारातच बसून पायाच्या अंगठ्यात पेड धरला आणि सरसर दोर वळायला लागले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

‘फादर, ह्ये तुमचं काम न्हवं.’

‘मग कुनाचं? माझ्या बापानं जन्मभर ह्येच केलं की.’

सगळे हसले, निंगप्पा सोडून. निंगप्पा म्हणजे फादरचा उजवा हात. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, गिरणीत माग चालवायचा. त्याला बाप्तिस्मा फादरनी दिला, वाचायला फादरनी शिकवलं, नीलम्माशी लग्नही फादरनीच लावलं. रविवारी गाणी तो म्हणायचा. माझी पणजी तानाबाई तेव्हा तिथंच उभी होती. ती म्हणायची, ‘त्या दिशी निंगप्पाचं त्वांड पार उतरलं. चारचौघांत फादरनं आपली जात सांगितली, म्हंजी आमची बी सांगितली की. आमी लपवून बसलो व्हतो.’

हे सगळं मला पणजीकडून आजीकडं आणि आजीकडून माझ्याकडं आलंय. पणजी विधवा होती, गिरणीत बॉबिन भरायची. फादरबरोबर गोव्याला तीच गेली होती, म्हणून तिला माहीत.

एकोणीसशे एकतीस साल. डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा शेकडो वर्षं जपलेला देह दर्शनाला काढणार होते. वरच्या मोठ्या फादरांनी सांगितलं, अंतोन, तुम्ही जा, खूप राबलात, दर्शन घेऊन या. फादर पोरासारखे हरखले! घरोघरी जाऊन म्हणाले, ज्यानं त्यानं आपल्या नवसाची वस्तू द्यावी, मी संताच्या पायाला लावून आणतो. मग लोकांनी दिलं. कुणी रुमाल, कुणी मेलेल्या नवऱ्याची टोपी, कुणी नुसती दोऱ्याची गुंडी. नीलम्मानं बाळाचं अंगडं दिलं. बाळ सव्वा वर्षाचं झालं होतं तरी बसत नव्हतं, मान कलती व्हायची. फादरनी सगळ्यांचं एका फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं कुणाच्या हाती दिलं नाही, अगदी पणजीच्याही नाही.

स्टेशनवर ही गर्दी! अख्खी चाळ आली होती. फादर फलाटावर उभे राहून हसत म्हणाले, ‘तानाबाई, झावळ्यांचा रविवारच की ह्यो. येशूला बी सुळावर द्यायच्या आधी लोकांनी असंच मिरवलं व्हतं. हातात झावळ्या तेवढ्या न्हाईत.’

निंगप्पानं त्यांचे पाय धरले आणि हमसून रडायला लागला.

‘अरं येड्या, मी काय मराया चाललोय व्हय? दर्शनाला चाललोय. ऊठ, धोतर मळतंय.’

शिट्टी झाली. फादर डब्यात चढून म्हणाले, ‘बरं, येतो.’

आणि कुणीच काही बोललं नाही.

आपल्यात माणूस ‘येतो’ म्हणाला की समोरचा ‘या’ म्हणतोच ना? तोंडातून आपोआप येतं, शत्रूलाही आपण ‘या’ म्हणतो. तिथं एवढी माणसं उभी होती आणि एकाही तोंडातून ‘या’ निघालं नाही. शेवटी निंगप्पा म्हणाला, ‘सुखानं जावा, फादर.’

फादरना मनातलं मोठ्यानं बोलायची सवय होती. गिरणीच्या आवाजात राहून लागली असेल. होटगीला गाडी बदलली, विजापूर गेलं, आणि ते आपले बोलतायत. यात्रा म्हणजे काय, तर देव सगळीकडं असतोच, पण आपण सगळीकडं नसतो, म्हणून जायचं. चालून गेलं की आपण थोडे रिकामे होतो, मग तो आत शिरतो. असलं काय काय. पणजी मान हलवायची आणि खिडकीबाहेर बघायची.

मध्येच ते हसले. ‘निंगप्पा बघा, “जावा” म्हनला मला! कानडी गडी, मराठी कच्चंच राह्यलं. मीच शिकवलंय, कुनाला बोल लावू?’

पणजीनं दशम्यांची पुरचुंडी उगाच सोडून परत बांधली.

गदगला पुन्हा गाडी बदलायची होती. फलाटावर दोघं थांबली होती. शेजारी एक म्हातारी आपल्या जावयाला गाडीत बसवत होती. गाडी हलली तशी तिनं हात वर करून ओरडून सांगितलं, ‘होगि बर्री!’

फादरना तेवढी कानडी येत होती. होगि बर्री. जाऊन या.

पणजी सांगायची, त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, दिवा बारीक करत न्यावा तसं. ते वळले.

‘तानाबाई. कानडीत बी “या” म्हनत्यात.’

‘व्हय, फादर.’

‘मग निंगप्पा का न्हाय म्हनला?’

पणजीनं पदर तोंडात कोंबला.

‘मी परत यायचं न्हाय का?’

मग तिनं तिथं फलाटावरच सगळं सांगून टाकलं. निंगप्पा आणि दोन पंच मोठ्या फादरांकडं जाऊन आले होते. आम्हाला गोरा फादर द्या म्हणून पाया पडले. गोऱ्या फादरचा शब्द गिरणीतला साहेब ऐकतो, पोरं कामाला लागतात, कुणी मुकादम होतो. अंतोन फादर गिरणीच्या दारात गेले की पहारेकरीसुद्धा खुर्ची देत नाही. आणि वर सगळ्यांना सांगत सुटतात मी दोरवाल्याचा पोरगा. मोठे फादर म्हणाले, ठीक, पण त्यांना आधी दर्शन घेऊ द्या, तिथंच बदलीचं कळवू. तोवर बोलू नका, माणूस दुखावेल.

दुखावेल म्हणे! म्हणून अख्ख्या चाळीनं हातात नवस दिला आणि तोंड बंद ठेवलं!

‘तुमाला बी ठावं व्हतं?’ फादरनी विचारलं.

‘व्हय. मी बी त्यातलीच.’

‘मग संग का आलीस?’ तिला ते पहिल्यांदाच अगं-तुगं म्हणाले.

‘कुनीतरी जेवान बघाया पायजे की तुमचं.’

मला पणजीचा पण राग येतो, खरं सांगते. खूप येतो. पण ती हे कधी लपवायची नाही. भाकरी थापताना सांगायची, पाहुण्यांपुढं सांगायची.

पुढं हुबळी, लोंढा, घाट, पोर्तुगीज शिपायांची तपासणी, सगळा रस्ता फादर गप्प. एकदाच बोलले. ‘यहुदानं मुका घेऊन येशूला धरून दिलं, तवा बी येशू त्येला “गड्या” म्हनला. मी दर साली ह्यावर प्रवचन देतो. लई सोपं वाटायचं गं.’

जुन्या गोव्यात रांग वळसे घेत नदीपर्यंत गेलेली. ऊन, माडांची सावली लांब, माणसांच्या अंगाचा आणि मेणबत्त्यांचा वास. तिथं कुठं फादर पुन्हा बोलायला लागले, पण पणजीशी नाही, पुढच्या माणसाच्या पाठीशी बोलावं तसं.

‘ह्या संताचा उजवा हात रोमला हाय. कापून न्हेला. पायाचं बोट एका बाईनं दातानं तोडलं म्हनत्यात, मुका घ्यायच्या निमित्तानं. वैऱ्यानं न्हाय तोडलं. ज्यांना त्यो लई पायजे व्हता त्यांनी तोडलं. जरासा तरी आपल्यापाशी ऱ्हावा म्हनून.’ मग म्हणाले, ‘मला कुनी बोटभर बी ठेवून घेतला न्हाय. आख्खाच्या आख्खा परत दिला.’

मागचे लोक पुढं ढकलत होते. ती दोघं आत गेली. फादरनी गुडघे टेकले, त्या वाळलेल्या पायांवर ओठ टेकवले, मग गाठोडं सोडलं. एकेक वस्तू पायाला लावली. रुमाल. टोपी. गुंडी. पंचांच्या घरची सुद्धा लावली. आणि मग अंगडं हातात आलं.

हात थांबला.

चर्चचा माणूस कोकणीत चला चला म्हणत होता. फादरनी अंगडं मुठीत चुरगाळलं, तसंच फडक्यात टाकलं आणि बाहेर पडले. पणजी मागं धावली. ती म्हणायची, तिला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, चला, हा माणूस निदान एवढा तरी चिडला.

बाहेर भिंतीला टेकून फादर बसले. पणजीनं दशम्या पुढं केल्या, त्यांनी हात लावला नाही. अंगडं बाहेर काढून म्हणाले, ‘नीलम्मानं शिवलंय ते. टाकं बघ कसं वाकडंतिकडं हायत.’

‘ऱ्हाऊ द्या, फादर. त्याच लायकीची हायत ती.’

‘बाळ बी?’

फादर उठले आणि तेवढं अंगडं घेऊन परत रांगेच्या शेपटीला जाऊन उभे राहिले, पार नदीपाशी. झगा असलेल्या माणसाला कुणीही पुढं सोडलं असतं, एकानं सांगितलंही, पण ते मागंच राहिले. ऊन उतरलं तेव्हा बाहेर आले. अंगड्याची नीट घडी केलेली होती.

‘लावलं,’ म्हणाले. ‘बाळासाठी मागितलं. मनापासनं मागितलं.’

‘आन् निंगप्पासाठी?’

‘मागाया गेलो, तर तोंडातनं शब्द निघंना. देवापुढं खोटं कशाला बोलू?’

तिथल्याच एका फादरनी दुसऱ्या दिवशी त्यांना बदलीचं सांगितलं. नगरच्या पलीकडं, डोंगरातलं कुठलंसं खेडं. फादर फक्त बरं म्हणाले. पणजीला बेळगावच्या यात्रेकरूंबरोबर लावून दिलं आणि गाठोडं तिच्या हाती दिलं.

‘निंगप्पाला काय सांगू?’ तिनं विचारलं.

‘सांग, फादरनं अजून माफ केलेलं न्हाय. केलं की कळवीन म्हनावं.’

सोलापुरात नवे गोरे फादर आले होते. चॅपलला रंग लागला होता. पणजीनं घरोघरी नवस परत दिले. नीलम्मानं अंगडं छातीशी धरलं आणि बाळाला घातलं. बाळ पुढं बसायला लागलं, पण चालताना शेवटपर्यंत पाय ओढायचं. निंगप्पा दारात उभा होता. निरोप ऐकून तो आत गेला आणि मागाच्या कामाचे कपडे घालून पाळीला निघून गेला.

वर्षाच्या आत तो मुकादम झाला. ज्यासाठी केलं ते त्याला मिळालं, पुरेपूर मिळालं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं.

फक्त एक झालं. नगरकडनं कुणीही आलं, पाहुणा, सोयरा, कांबळं विकणारा, की निंगप्पा त्याला चहाला बसवायचा. इकडचं तिकडचं बोलायचा. आणि मग विचारायचा, त्या डोंगरात आमचे एक फादर होते, भेट होते का?

‘होते की. बरं हायत. सोलापूरची चौकशी करत व्हते.’

‘माझ्यासाठी काय सांगितलं?’

‘न्हाय बा. तसं काय न्हाय.’

‘आठवून बघा जरा,’ निंगप्पा म्हणायचा, आणि अजून एक कप चहा सांगायचा.