वैभवीचे थांबलेले हात

माझा राग आधी त्या येन्सवर होता, हे कबूल करतो. साल २००७. माझी नात वैभवी जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करायची आणि एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायची. मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. येन्स त्यांचा गिटारवाला. "कमी वाजव, नाहीतर समरफेस्टच्या जलशाला दुसरा ड्रमर बघतो," असं त्यानं तिला सुनावलं. अरे, पुण्याच्या ढोलपथकात सहा वर्षं घालवलेली पोर, तिला कमी वाजव म्हणतो?

त्याला जाब विचारायला मी तालमीलाच गेलो. जर्मन येत नाही, पण डोळे वटारायला भाषा कशाला लागते?

काट्रिन नावाची मुलगी गायला लागली. सात मात्रांचं गाणं, म्हणजे आपला रूपकच! मी मांडीवर ताल धरला आणि काय सांगू, माझा राग फिरला. काट्रिनचे ओठ हलत होते, शब्द एक ऐकू येईना. ती श्वास घ्यायला थांबली, की आमची बाई झांजांवर तुटून पडे.

"अगं, ती गातेय की तू तिची मिरवणूक काढलीयस?"

"आजोबा, हा प्रोग्रेसिव्ह रॉक आहे! अवघडच वाजवायचं असतं."

"वाजव की अवघड! तिच्या अंगावर कशाला? काय म्हणतेय ती गाण्यात?"

वैभवी काट्रिनकडे बघायला लागली. दोन महिने वाजवत होती आणि शब्द माहीत नाहीत! आमच्या भजनी मंडळात श्रीधरबुवांनी मला चार महिने पखवाजाला शिवू दिलं नव्हतं. आधी अभंग तोंडपाठ. पुढं एकदा शब्दावर थाप पडली, तर भर भजनात चिपळी फेकून मारली. खूण अजून कपाळावर आहे.

काट्रिननं शब्द लिहून दिले, वैभवीनं मला अर्थ सांगितला. वडिलांच्या रिकाम्या घराला कुलूप लावणाऱ्या मुलीचं गाणं होतं. वैभवी उशीवर काठ्या मारत ते म्हणायची. म्हणताना अडखळली, की तेवढं वाजवणं गाळायचं, हा माझा कायदा. रडली, भांडली, पण गाळलं.

समरफेस्टला शेवटच्या ओळीवर तिनं काठ्या मांडीवर ठेवल्या. पूर्ण सात मात्रा नुसता काट्रिनचा आवाज. मग एकच ठोका. कुलूप लागलं!

लोक काट्रिनभोवती जमले. एक गृहस्थ तर वैभवीला बाजूला सारून पुढं गेला. मी भडकलो. "अहो, हिच्यामुळं ऐकू आली ती!"

"आजोबा, ओरडू नका. शब्द ऐकू आले ना त्यांना? आल्झो, मग झालं तर!" वैभवी हसत होती. येन्स आला, मंगळवारची तालीम चारला, एवढंच सांगून गेला.

ती खूश झाली. मी नाही. त्या गृहस्थाला गाठून अस्सल गावरान मराठीत चार शब्द सुनावलेच. तो मान डोलावत म्हणाला, "या, या!" जर्मनमध्ये ते 'हो, हो' असतं म्हणे.