मुठीवरची चिमूट

सणांच्या आठवणी सांगताना लोकांचा आवाज एकदम मऊ होतो. आईच्या हाताची चव, घरभर पाहुणे, आणि शेवटी आपण किती ऋणी आहोत वगैरे. माझा आवाज मऊ होत नाही. आमच्या घरचा सण कानबाई देवीचा, आणि कानबाई म्हटलं की मला आजही आधी राग येतो. ऋणही आहे, नाही असं नाही. पण राग आधी सांगते.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहायला कडोदऱ्याला. वडील लूमवर कारागीर. कारखान्यातून येताना ते युनियनची पत्रकं आणायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. बाकीच्या मुली 'कमळ बघ' शिकल्या, मी 'मिळालीच पाहिजे' शिकले. 'तीव्र निषेध' हे शब्द मला पहिलीतच न अडखळता वाचता यायचे आणि वडील ते शेजाऱ्यांना कौतुकाने ऐकवायला लावायचे.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी उठून विसर्जनाला नदीवर जाते. दर वर्षी वडील कारखान्याच्या गुजराती शेठकडे त्या सोमवारची रजा मागायचे. दर वर्षी शेठ म्हणायचा, "आवता वरसे जोईशुं." पुढच्या वर्षी बघू. वडील घरी येऊन नाक चिमटीत धरून त्याची नक्कल करायचे. आम्ही पोट धरून हसायचो. मग ते सोबतच्या ओडिया कारागिराशी पाळी बदलून घ्यायचे आणि सण पार पडायचा.

या सणाचा जीव म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे. नाव उच्चारायचं, मूठ टाकायची, वर चिमूट टाकायची. ती चिमूट म्हणजे सव्वातला पाव. ते गहू दळून त्याचे गोड, जाड रोट तळायचे. खायचे फक्त घरच्यांनी. परक्याला तुकडा द्यायचा नाही, फेकायचा नाही, आणि देवी उठायच्या आत सगळे संपवायचे.

मुठी मोजण्याचा मान मोठ्या काकांचा. ते पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला होते, सणाला काकूला घेऊन आमच्याकडे यायचे. देवीला माणसं कमी दिसू नयेत म्हणून ते गावाकडच्या चुलत भावांच्या, त्यांच्या पोरांच्या नावानेही मुठी टाकायचे. ज्यांनी कडोदरा कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या नावाचा रोट आमच्या चुलीवर तळला जायचा, आणि खाऊन संपवायचो आम्ही. मूठ मोजताना मी घरची नव्हते. संपवायला मात्र चालत होते.

ज्या वर्षी माझा भाऊ जन्मला त्या वर्षी काकांनी सूप पुढे ओढलं आणि सगळ्यात आधी त्याच्या नावाची मूठ टाकली. तो पाळण्यात पडून स्वतःचा अंगठा चोखत होता. तोंडात एक दात नाही, आणि सुपात सव्वा मूठ!

मी म्हटलं, "मन्ही?" माझी?

काका हसले. "पोरनी मूठ र्‍हास नही व माय. पोर लोकस्ना घरनी." मुलीची मूठ नसते, मुलगी लोकांच्या घरची.

मी वडिलांकडे पाहिलं. ज्या माणसाने मला 'समान हक्क' हे शब्द बोट ठेवून वाचायला शिकवले, तो माणूस पाळण्याची दोरी ओढत भिंतीकडे बघत होता.

मी खडू घेतला आणि दारावर लिहिलं: 'रोटात मुलींची मूठ मिळालीच पाहिजे.' खाली, पत्रकात असतं तसं, 'अन्यथा संप.' काकांनी ते मोठ्याने वाचून काकूला ऐकवलं. "दख, आपली शेठाणी!"

पण संप खरा होता. रविवारी मी रोटाला हात लावला नाही. सोमवारी दुपारी देवीला तापीवर न्यायला टेम्पो दारात उभा राहिला, तरी परातीत रोट उरलेले. काका ढेकर देऊन आडवे झाले होते. काकूने पदराने वारा घेत मान हलवली. एवढ्या मुठी, आणि खाणारी तोंडं चार. माझं तोंड बंद राहिलं तर देवी उठत नव्हती.

वडील माझ्यासमोर उकिडवे बसले. आवाज अगदी समजुतीचा. "आते खाई ले. पुढला साले दखूत." आता खाऊन घे, पुढच्या वर्षी बघू.

मी नाक चिमटीत धरलं. "आवता वरसे जोईशुं."

त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. काका खदखदून हसले, त्यांना ती शेठची नक्कल वाटली. वडिलांना कळलं होतं की ती कुणाची आहे. ते उठले आणि बाहेर टेम्पोवाल्याशी बोलायला गेले. माझ्या बाजूने एक शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही.

बोलली आई. काकांसमोर तिने कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. पदर डोक्यावर ओढून ती परातीकडे बघत म्हणाली, "दादा, हाई पोर नही खाई ते रोट सरत नही. मंग हाई घरनी शे का लोकस्नी, ते आतेच सांगा."

काका उठून बसले. लोकांची म्हणावं, तर मला रोट चालत नाही. घरची म्हणावं, तर मूठ द्यावी लागते. ते मिशी चोळू लागले. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"टाक," ते म्हणाले. "पन मूठच. सव्वा नही."

आईने डबा उघडला. मी माझ्या हाताने देवीपुढे मूठभर गहू ओतले. मग बसून उरलेले सगळे रोट खाल्ले, रडत आणि चिडत, कारण पाव कापून घेतला होता. मालक लोक तडजोड अशीच करतात हे मला पत्रकांतून पाठ होतं.

तापीवर गर्दी होती. काका देवीला घेऊन पाण्यात उतरले, वडील त्यांच्या मागे. आईने मला जरा बाजूला ओढलं, पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले. चिमूट.

"सोड," ती म्हणाली. "तुन्हं नाव ले आनि सोड."

मी माझं नाव घेतलं आणि दाणे पाण्यात सोडले. आईने लगेच इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून.

ऋण आहे ते त्या चार दाण्यांचं. आणि राग आहे तो तिच्या त्या बघण्याचा.