गणपतीची वाट अडवली तेव्हा

“मॅडम, ड्रम हटवा. गणपती थांबलेत.”

पुलाच्या तोंडाशी सुभाषशेठ उभे होते. पलीकडच्या गावचे माजी सरपंच. त्यांच्यामागे तीस-चाळीस माणसं आणि एक टेम्पो. टेम्पोत पेंढ्यावर मांडलेले अकरा गणपती. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. चिपळूणपासून तासाभरावरचा हा जुना दगडी पूल मी त्याच सकाळी वाहनांना बंद केला होता. मी बांधकाम खात्यातली ज्युनिअर इंजिनिअर. माझ्या बाजूला आमचे रस्त्यावरचे मजूर शांतारामदादा, आणि दगड भरलेले चार ड्रम. एवढाच बंदोबस्त. पोलीस सगळे हायवेवर होते.

पूल बंद का केला ते सांगते. तीन दिवस नदीला पूर होता. पाणी उतरल्यावर मी आणि दादा खाली गेलो. मधल्या खांबाला आम्ही पिअर म्हणतो. त्याच्या बुडाशी दादांनी बांबू घातला. तो दगडाला अडायला हवा होता. तो आत गेला. हातभर, मग दोन हात. पुराने पायाखालची माती खरवडून नेली होती. आमच्यात याला स्कावर म्हणतात. वरून पूल ठणठणीत दिसतो, खाली अर्धा अधांतरी असतो.

मी माझ्या वरच्या साहेबांना फोन केला.

“ऐन गणपतीत?” साहेब म्हणाले. “सध्या नुसता बोर्ड लावा. लेखी काही काढू नका.”

“सर, बोर्ड बघून कोणी थांबणार नाही.”

“मग तुमच्या जबाबदारीवर बघा.”

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी वाहतूक बंद केल्याचं पत्र लिहिलं. खाली माझीच सही. एक प्रत साहेबांना, एक पोलीस स्टेशनला.

आता शेठ समोर होते.

“मूर्ती चालत न्या,” मी म्हणाले. “एकेक माणूस, मध्ये अंतर ठेवून. माणसाचं वजन पूल घेईल. टेम्पोचं नाही.”

“परवापर्यंत जांभ्या चिऱ्याचे ट्रक गेले ह्यावरून. आजच काय झालं?”

मी मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांनी बघितले नाहीत. जवळ आले आणि आवाज खाली आणला. “एसटी स्टँडमागं राहता ना? मुलगी सातवीत आहे. रिक्षानं जाते शाळेत.”

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “देवाची वाट अडवलीस. तुझं बरं व्हायचं नाही.”

पहिल्या बोलण्याने माझी नजर खाली गेली. दुसऱ्याने मात्र मी समोर बघितलं. ज्याच्या नावाने मला भीती घालत होते, तो टेम्पोत बसला होता. मनात म्हटलं, ‘बाप्पा, मी मोजलं तेवढंच मला ठाऊक. माझ्या लेकीला सांभाळ. मी इथून हलत नाही.’

शेठनी हात केला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बंपर ड्रमला लागला आणि ड्रम कर्रकन सरकला. मी जाऊन ड्रमच्या मागे, पुलाच्या बाजूला उभी राहिले. दादा येऊन शेजारी उभे राहिले.

“दादा, तुम्ही बाजूला व्हा.”

“कशाला? बांबू म्याच घातला ना?”

टेम्पो आणखी थोडा पुढे आला. ड्रम माझ्या गुडघ्याला टेकला. ड्रायव्हर माझ्याकडे बघत नव्हता, शेठकडे बघत होता.

तेवढ्यात टेम्पोच्या मागचं फळकं खाडकन पडलं. धोंडूआबा, सत्तरी उलटलेले शेतकरी, आपली मूर्ती उतरवून घेत होते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाट, पाटावर गणपती.

“आमचा बापूस डोईवरनंच आनायचा,” ते म्हणाले. “सुभाष, इंजान बंद कर. धुरानं देव काळा व्हईल.”

शेठनी हात खाली घेतला. ड्रायव्हरने चावी फिरवली.

आबा पुलावर गेले. मी कठड्याजवळ उभी राहून पिअरकडे बघत राहिले. ते पलीकडे पोचल्यावर दुसरा गेला, मग तिसरा. अकराव्यापर्यंत मी तिथून हलले नाही. अकरावा शेठचा. तो त्यांनी स्वतः नेला.

गणपतीची सुट्टी संपल्यावर महिनाभर नवरा मुलीला शाळेत सोडायला जायचा. काही झालं नाही. मला मेमो आला: परवानगीशिवाय वाहतूक का बंद केली, खुलासा करा. केला. पुढे तपासणीचं पथक आलं. पिअरचा निम्म्याहून जास्त पाया पोकळ निघाला. जुना पूल पाडला, नव्याचं काम चालू आहे. मेमो मागे घेतल्याचं पत्र आलेलं नाही. आणि पूल पडला नाही म्हणून गावात अजून म्हणतात, मॅडमनी उगाच अडवलं.

देवावर सोपवलं की भीती जाते, असा माझा अनुभव नाही. ती शेवटपर्यंत होती. फक्त पाय मागे गेले नाहीत.

नव्या ज्युनिअरना मी सांगते, असं पत्र लिहाल तेव्हा भीती वाटली तर वाटू द्या. सहीखाली तारीख आणि वेळ मात्र बरोबर टाका; खुलासा मागतात तेव्हा तेच कामी येतं.