पाडव्याची म्हैस आणि बिनसेन्सरची मोटर

शिवाजी पेठेत आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पिटाळत पुढं, आणि त्या आवाजाला ओळखून म्हैस मागं उधळलेली. ज्याची म्हैस मागं पळत नाही, त्यानं पुढं वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवू नये, असा रिवाज आहे. माझ्या काकांची म्हैस कधी चुकली नव्हती. चुकली ती गाडी. दिवाळी दोन महिन्यांवर आली असताना इंजिन बसलं आणि मिस्त्रीनं हात वर केले.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात मोटरी शिकवतो. शिकवणाऱ्याला करून दाखवायला सांगू नये, पण काकींनी सांगितलं. "एवढं शिकलाईस न्हवं? मग बसव की तुझी ती लाईटवरची मोटर."

मी मागच्या चाकात चुंबकाची मोटर बसवली. अशा मोटरीत फिरणारं चुंबक नेमकं कुठं आहे हे कंट्रोलरला कळावं लागतं, तरच तो योग्य वेळी योग्य वायंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, वीज सोडतो. ते सांगायला आत बारके सेन्सर असतात. पण काका म्हैस धुतात त्याच पाइपानं गाडीही धुतात, अगदी प्रेमानं, खालून-वरून. सेन्सर आठवडाभरात बुडून मेले.

मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, सेन्सरच नको. चाक फिरलं की वायंडिंगमध्ये आपोआप थोडी वीज उमटते, तिच्यावरून चुंबकाचा पत्ता काढायचा. कागदावर झकास. पण उभ्या गाडीचं चाक फिरतच नाही, मग पत्ता सांगणार कोण? कंट्रोलरनं अंदाजपंचे दणका दिला, आणि मूठ पिळणारे काका गाडीसकट मागं शेणाच्या ढिगात जाऊन बसले.

"ही गाडी हाय का रेडा?" काका तिथूनच ओरडले.

त्यावरही इलाज होता. गाडी उभी असताना वायंडिंगला विजेच्या बारीक टिचक्या मारत राहायचं. आंधळा काठी टेकवत वाट काढतो तसं कंट्रोलर चुंबक चाचपतो. त्या टिचक्यांचा दाताच्या डॉक्टरकडं येतो तसा 'कींऽऽ' आवाज येतो. गाडीनं जरा वेग घेतला की टिचक्यांची गरज संपते आणि त्या आपोआप बंद होतात. या अदलाबदलीचा मला भलताच अभिमान होता. मी तो काकींनाही समजावून सांगितला. त्यांनी भाकरी उलटली.

काका रोज त्याच गाडीवरून पेंड आणू लागले. आमची गल्ली अशी चिंचोळी, की तिथं गाडी जेमतेम माणसाच्या चालीनं चालते. 'कींऽऽ' ऐकलं की म्हशीचे कान उभे, आणि स्वारी गाडीमागं. काकांनी टपरीवर जाहीर करून टाकलं, "औंदा बघाच. बिनपेट्रोलची गाडी आन् मागं माझी म्हस!"

पाडव्याला रस्ता दुतर्फा भरलेला. धडधडत चार-पाच गाड्या गेल्या, म्हशी गेल्या. मग काका आले, फेटा बांधून. कींऽऽ झालं, म्हैस निघाली, टाळ्या पडल्या. काकांना चेव आला आणि त्यांनी मूठ पुरती पिळली. आवाज बंद. म्हैस भर रस्त्यात थांबली आणि इकडंतिकडं बघू लागली. काका मात्र एका हातानं लोकांना रामराम करत एकटेच पुढं गेले. लोक पोट धरून हसत होते, काकांना वाटलं कौतुक चाललंय.

मागं वळून पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पळत गेलो.

"काका, सावकाश घ्या. वेगात त्यो आवाज थांबतोय. ती आवाजामागं येतीया, तुमच्यामागं न्हाय."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पाडव्याला सावकाश जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास सांगणं. मागच्या गाड्या नुसत्या गुरगुरत होत्या. काकांनी म्हशीकडं पाहिलं, गाडी वळवून तिच्यापुढं आणून लावली आणि अगदी हलकेच मूठ पिळली.

कींऽऽ. म्हैस आली आणि मागच्या सीटवर हनुवटी टेकून चालू लागली. बाकीच्या गाड्या आजूबाजूनं ढणाढणा पुढं निघाल्या. काका सायकलवाल्यापेक्षाही हळू चालले होते, पण फेटा ताठ होता. गर्दीतून दुसऱ्या पेठेतला कुणीतरी ओरडला, "ओ पावणं, चार्जिंग संपलं काय?"

आता काका माझा उद्धार करणार, आणि मला तो मान्य होता.

काका भर रस्त्यात त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "संपलं न्हाय रं! माझ्या पुतण्यानं गाडीच अशी केलीया, म्हशीला मागं टाकून म्होरं जाताच येत न्हाय!"