घारीचा फोटो आणि मंजुळामावशी

हे मी अजून आमच्या घरीसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. तेव्हा चहा घ्या, ऐका, आणि तुमच्यापाशीच ठेवा!

पनवेलला माझं चष्म्याचं दुकान. पन्नाशीत पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. हातभर लांब लेन्स घेतली. पण आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसत्या बसलेल्या पक्ष्याला कोण विचारतो? घार कशी, पाण्यावर झेपावतानाच हवी! म्हणून एका रविवारी सकाळीच उरणकडच्या पाणथळीत जाऊन झुडपात लपलो. अंगात मातकट कपडे, डोक्यावर पाला. समोर ओहोटीचं पाणी आणि वर पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची ब्राह्मणी घार घिरट्या घालतेय. अहाहा!

तेवढ्यात कॅमेऱ्यात कोण? गुडघाभर पाण्यात वाकलेली एक बाई. कमरेला टोपली, हाताने चिखल चाचपून मासे धरतेय.

"मावशी, बाजूला व्हा! घार उडून जाईल!"

झुडूप बोलतंय म्हटल्यावर दचकलीच हो ती!

"मी हितं रोज येते, दादा. घार कुठं नाय जात."

"अहो, पण माझा फोटो बिघडतोय!"

गेली बिचारी. मुकाट्याने बांधावर जाऊन बसली. आणि घार? तीही गेली! दोन तास बसलो. मुंग्या चावल्या, पाय बधिर झाले, पण घारीचं पीससुद्धा दिसेना. शेवटी उठून बांधावर गेलो. नाव विचारलं. मंजुळा.

"मावशी, घार कुठे गेली हो?"

"आता कशाला येल ती? मी पानी ढवलते, मासली उसलते, मंग ती खाली येते."

म्हणजे जिच्यामुळे घार येत होती, तिलाच मी हाकललं होतं! इथवर हसण्यासारखं होतं. पण माझी नजर टोपलीत गेली. तळाला चार बोटभर मासे.

"मग आता धरा की!"

"भरती लागली. आता काय गावतंय?"

आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. माझ्या हौसेपायी त्यांची अख्खी ओहोटी वाया गेली होती. बरं, 'तू कोण मला उठवणारा?' असंही त्यांनी विचारलं नव्हतं. मी तरी कोण होतो? एक मोठी लेन्स, एवढंच ना!

"चुकलं माझं," कसंबसं म्हणालो.

त्या हसल्या. "उद्या या. पन झुडपात नका बसू, उगाच भ्या वाटतं."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून गेलो. बांधावर सरळ उघड्यावर बसलो. मावशींनी पाणी ढवळलं, मासे उसळले, आणि सूंऽऽ करत घार आली, त्यांच्यापासून दोन हातांवर! पाण्याचा फवारा, पंजात तडफडणारा मासा! माझं बोट बटणावरून निघेना. शंभरेक फोटो!

मावशी पाण्याबाहेर आल्या. "दावा बघू."

मी ऐटीत कॅमेरा पुढे धरला. पहिला फोटो: मावशी. दुसरा: मावशी. दहावा: मावशी आणि कोपऱ्यात अर्धा पंख. पुढे पुन्हा मावशीच! टोपली, पदर, कपाळावरचा घाम, सगळं कसं लख्ख!

"दादा, घार कुठं हाय?"

"ती… अं… वरून गेली."

मावशींनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग माजाच फोटू काढायचाय, ह्ये कालच सांगायचं ना! नवं लुगडं नेसून आले असते!"