अप्पांच्या चार साइट

धोंडूअप्पांच्या चारही वेबसाइट माझ्यामुळे गेल्या. ज्या कंपनीकडे त्या होत्या ती बंद पडली, हे खरं. पण दर महिन्याला सगळ्या मजकुराची कॉपी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं काम माझं होतं, आणि मी ते एकदाही केलं नव्हतं.

अप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, तळेघरच्या पुढच्या वाडीतले. दर बुधवारी पहिल्या गाडीने मंचरला माझ्या सायबर कॅफेत यायचे. दारातच उभे राहून माणसं मोजायचे, "सात शीट," म्हणायचे आणि मगच चप्पल काढायचे.

मराठी ब्लॉग तेव्हा नवे होते. अप्पांना भाताचे वाण, झाडपाला, डोंगरातल्या पायवाटा आणि आवणीची गाणी अशा चार वेगळ्या साइट हव्या होत्या. एकच काढू म्हटलं, तर म्हणाले, "चार वाणांचं बी एका कणगीत भरत्यात का राव? समदी भेसळ व्हती." ते सांगायचे, मी टाइप करायचो. गाणी मात्र गुणगुणत सांगत. भात लावताना वाडीतली सखूमावशी आणि इतर म्हाताऱ्या बायका जे गात, ते ऐकून त्यांनी पाठ केलेलं; मध्ये अडलं की सखूमावशीला विचारून येत. कागदावर काहीच नव्हतं.

होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याची जागा. चार जागा पेन्शनीत बसेनात, म्हणून चारही साइट एकाच खात्यात मावतील अशी सगळ्यांत स्वस्त कंपनी मी शोधली.

"त्यांनी दार लावलं, तर आपलं सामान?" अप्पांनी विचारलं.

"महिन्याला कॉपी घेतो की मी."

"घेतो ना? मग फाड तिकीट."

पुढे दोन वर्षं ते अधूनमधून विचारायचे, "कॉपी?" आणि मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचो, "झाली."

एका सकाळी चारही साइट उघडेनात. कंपनीचा फोन लागेना. बुधवारी अप्पा आले तेव्हा मी सांगितलं की, माझ्याकडची कॉपीही व्हायरसने खाल्ली. ते माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कीड लागली त्याला तू काय करणार? च्या पी."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पण सखूमावशी तोवर वारली होती, आणि अप्पांना अर्ध्याच ओळी आठवायच्या. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "फुडचं तिलाच ठावं व्हतं." त्यानंतरच्या बुधवारी ते आले नाहीत. मग आलेच नाहीत.

मी त्यांच्याकडे गेलो, त्याला सहा वर्षं लागली. तळेघरला उतरून वाडीपर्यंत चालत. अप्पा ओट्यावर बसले होते, खाली अंगणात सखूमावशीच्या दोन्ही लेकी भात पाखडत होत्या. मी अप्पांजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं.

अप्पांनी कानामागे हात धरला. "आता ऐकाय येत न्हाई रं. मोठ्यानं बोल."

अंगणातली सुपं थांबली. मी उभा राहिलो आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अप्पा, व्हायरस-बियरस काही नव्हता. कॉपी मी कधी घेतलीच नव्हती. तुमच्याशी खोटं बोललो. गाणी माझ्यामुळे गेली. मला माफ करा."